चित्रातलं पोतं

मी एक लॅपटॉप बोलतोय. दुकानाच्या काचेत बसलेल्या चकचकीत लॅपटॉपसारखं गोड बोलणं मात्र माझ्याकडून होणार नाही, कारण मी मार खाऊनच मोठा झालोय. ज्यांना नाजूक ऐकायची सवय असेल, त्यांनी आत्ताच कानात बोटं घालावीत.

माझी सुरुवातच मुळी मारानं झाली. कारखान्यात माझा शेवटचा स्क्रू पिळला आणि लगेच मला एका यंत्राखाली ठेवलं. त्या यंत्राला रबरी बोटं होती. ती माझ्या कळांवर दणादण आपटत राहिली. मग मला उचलून मुद्दाम खाली टाकलं. एवढं होऊनही मी चालू राहिलो, म्हणून हातमोजे घातलेल्या एका मुलीनं माझ्या पोटावर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. आपण कसल्या जगात येऊन पडलोय, याचा अंदाज मला तिथेच आला.

पहिला मालक एका मोठ्या कचेरीतला साहेब होता. वरच्या साहेबाचा फोन आला की हा "हो सर, हो सर" करायचा आणि फोन ठेवला की माझ्यावर मूठ हाणायचा. वरच्यावर निघत नाही तो राग खालच्यावर काढायचा, ही माणसांची रीत मी तिथे शिकलो. एकदा हाताखालच्या पोरानं चुकीचा तक्ता दाखवला. साहेबाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यानं मला उचलून त्या पोरावर भिरकावलं. पोरगा वाकला, मी भिंतीवर आदळलो. माझा डावा कोपरा उडाला आणि बिजागरी खिळखिळी झाली. साहेब "सॉरी" म्हणाला, पण ते पोराला नाही आणि मलाही नाही. दारात मोठ्या मॅडम येऊन उभ्या होत्या, त्यांना म्हणाला.

मग मला कपाटात कोंबलं. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी दानधर्म सुचला. आम्हा जुन्या लॅपटॉपांना पुसून, ओळीत मांडून आमचे फोटो काढले आणि एका टेम्पोत टाकून गावाकडे धाडलं. रस्ता असा होता की पोहोचेपर्यंत आमच्यातल्या दोघांनी राम म्हटला.

त्या गावात दूध संकलन केंद्राला लागून एक खोली होती. पूर्वी तिथे पशुखाद्याची पोती ठेवायचे. तिथेच आमचा वर्ग भरायचा. आंबट दुधाचा वास भिंतींत मुरलेला, खिडकीबाहेर कॅन ठेवायचा सिमेंटचा ओटा आणि पलीकडे टेकडी फोडून काढलेली दगडाची खाण. खाणीत सुरुंग उडाला की आमची टेबलं थरथरायची आणि छपरातून पांढरी भुकटी माझ्या कळांत पडायची. गावातल्या निम्म्या पुरुषांची बोटं खाणीनं खाल्लेली होती. त्यांच्या घरातली पोरं माझ्यासमोर बसली की हाताला वळण नावाची चीज नसायची.

"अरे, ती कळ आहे, खडी नाही," आमच्या बाई ओरडायच्या. "फोडू नकोस. दाब."

बाईंना सगळे नुसतं बाईच म्हणायचे. उंच, हडकुळ्या, आवाज मात्र कर्ण्यासारखा. त्यांनी पोरांना अर्ज भरायला शिकवलं, हिशेबाचे तक्ते शिकवले, पैसे लुबाडणारे फोन कसे ओळखायचे ते शिकवलं. आणि मग एआय शिकवायला घेतलं. पोरांचे डोळे विस्फारले. विचारलं की उत्तर मिळतं, सांगितलं की चित्र निघतं, म्हणजे आतमध्ये कुणीतरी सर्वज्ञ बसलाय असं त्यांना वाटायचं.

"कुणी बसलेलं नाही," बाई सांगायच्या. "त्यानं लाखो चित्रं पाहिलीत, म्हणून साधारण कसं दिसत असेल ते ठोकून देतो. तुमच्या गावात तो कधी आलाय का? नाही. मग तुमच्या गावाबद्दल त्याला काय ठाऊक असणार? विचारा, पण तपासा."

माझ्यावर बसायची ती लवंगी. खरं नाव हजेरीपुरतं. चण लहान आणि तोंड तिखट, म्हणून सगळं गाव तिला लवंगी म्हणायचं. शाळा संपवून घरी बसलेली पोर, पण डोकं असं चालायचं की माझा पंखा तापायचा. मला ती फार आवडायची, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या खिळखिळ्या बिजागरीला तिनं केसांची पिन लावून दिली होती.

तिचा दादा खाणीत सुरुंग भरायचा. दगडाशी काम करून त्याचा हातही तसाच झाला होता. पोरीनं परक्या पोरांच्या शेजारी बसून पडद्यात डोकं घालावं, हे त्याला खपत नव्हतं. एक दिवस त्यानं वर्गाच्या दाराला लाथ घातली, आत आला आणि लवंगीची वेणी धरून तिला खुर्चीवरून खाली ओढलं. दोन मुस्काटात दिल्या. तिच्या दातांनी तिचाच ओठ फाटला आणि रक्ताचे थेंब माझ्या स्पेसबारवर पडले.

बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "हात खाली घे. मला मारायचं असेल तर मार, पण तिला सोड."

"हिचं काय करायचं ते मी बघीन. तुम्ही कोण?"

"मी हिची बाई आहे. उद्या तुझ्या खाणीत मशीन येईल, तेव्हा तुला घरी बसवतील आणि मशीन चालवायला हिला बोलवतील. तेव्हा हिच्या पाया पडायला येशील."

दादानं वेणी सोडली. का सोडली, ते त्यालाच माहीत. जाताना म्हणाला, "महिन्यात काहीतरी करून दाखव म्हणावं. नाहीतर हातपाय मोडून घरात बसवीन."

लवंगीनं ओठ पुसला आणि पुन्हा माझ्यासमोर बसली. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा होता. दादाला दाखवण्यासारखं काहीतरी करायचं.

पुढे बाईंनी खोट्या चित्रांचा धडा घेतला. "आज खोटं चित्र बनवायचं. स्वतः बनवल्याशिवाय तुम्हाला खोटं ओळखता येणार नाही. नियम दोनच. आपलाच फोटो वापरायचा, दुसऱ्याचा नाही. आणि चित्राच्या खालच्या पट्टीत ठळक अक्षरांत 'बनावट' असं लिहायचं."

कुणी स्वतःला विमानात बसवलं, कुणी वाघावर. लवंगीला ते पोरकट वाटलं. तिच्या मोबाईलवर एक फोटो होता. गावात सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला एक म्हातारा सायकलवरून यायचा. त्याला सगळे धारवाला म्हणायचे. त्यानं तिच्या आईच्या विळ्याला धार लावली तेव्हा तिनं सहज त्याचा फोटो काढला होता. फोटोत त्याचा चेहरा आणि सायकलचं हँडल एवढंच आलं होतं. तो फोटो तिनं मला दिला आणि लिहिलं, 'हा माणूस सायकलवरून मूल पळवतोय, मागे पोतं आहे, पोत्यातून मुलाचे पाय बाहेर आलेत.'

माझं काम मागेल ते पुढ्यात ठेवायचं. चित्र आलं आणि वर्गातल्या एका पोरीनं किंकाळी फोडली. दुपारचा रस्ता, धारवाल्याचे खोल गेलेले डोळे, मागे करकचून बांधलेलं पोतं आणि त्यातून लोंबणारे दोन चिमुकले पाय. एका पायातली चप्पलही गळून पडलेली.

बाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काम चांगलं केलंस. पण त्या माणसाला विचारलं होतंस का?"

"गंमत आहे, बाई. खाली लिहिलंय ना बनावट."

"पुसून टाक. आत्ताच्या आत्ता."

तिनं ते माझ्यातून पुसलं. पण त्याआधीच ते तिच्या मोबाईलवर गेलं होतं. त्या संध्याकाळी तिनं ते दादाला दाखवलं. सकाळी वर्गात आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. मैत्रिणीला सांगत होती, "दादाचा आधी विश्वासच बसेना. मग इतका हसला, इतका हसला! म्हणाला, माझी बहीण जादूगार निघाली. स्वतःच्या फोनवर घेतलंय त्यानं, मित्रांना दाखवायला."

लहानपणापासून मार देणाऱ्या हातानं पहिल्यांदा पाठीवर थाप दिली होती. तिला किती बरं वाटलं असेल, ते माझ्यासारख्या मार खाल्लेल्यालाच कळेल.

दादानं कामावर जाता जाता ते चित्र आपल्या स्टेटसला ठेवलं. वर गमतीनं लिहिलं, 'पोरं सांभाळा', आणि पुढे हसणारे चेहरे टाकले. चित्र उभ्या पडद्यावर बसवताना खालची पट्टी कापली गेली आणि 'बनावट' हा शब्द तिच्याबरोबर गेला. ज्यांनी ते पुढे पाठवलं, त्यांनी हसणारे चेहरेही गाळले.

कुणी विचारेल, दादानं ते लगेच काढून का टाकलं नाही? तर खाणीचा एक नियम आहे. सुरुंग भरायला घेतले की सगळ्यांचे मोबाईल लोखंडी पेटीत कुलूपबंद करायचे. मोबाईलच्या लहरींनी सुरुंग अवेळी उडेल अशी धास्ती असते. स्फोट होऊन धूळ बसेपर्यंत पेटी उघडत नाही. म्हणजे दादा खाली दगडात दारू ठासत होता आणि वर गावात त्याच्याच फोनवरून दुसरी दारू पसरत होती. पेटीत फोन किती वेळा वाजला असेल, देव जाणे.

त्याच सकाळी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचं धाकटं पोर घरात दिसेना. आईनं शोधलं, शेजारणींनी शोधलं. तेवढ्यात कुणीतरी ट्रॅक्टरवाल्यापुढे फोन धरला. त्यानं ते पाय बघितले आणि त्याचं डोकंच फिरलं. बापाचं काळीज, त्याला तरी काय बोलणार? हातात आला तो लोखंडी गज घेऊन तो धावत सुटला. त्याच्या मागे गाव होतं.

धारवाला नेमका दूध केंद्राच्या ओट्याजवळ बसला होता. कुणाची तरी कात्री हातात होती.

आम्हाला आधी नुसता गलका ऐकू आला. मग एक आवाज आला, लाकूड फुटल्यासारखा. बाईंनी दार उघडलं. गर्दीच्या मधोमध तो म्हातारा गुडघ्यांवर होता. कुणी त्याच्या पाठीत लाथ घातली, कुणी केस धरून तोंड सिमेंटवर आपटलं. त्याच्या पिशवीतल्या सुऱ्या रस्त्यावर पडल्या होत्या. "बघा, सुऱ्या बघा!" असं कुणीतरी ओरडलं. त्यातली एक सुरी ओरडणाऱ्याच्याच घरची होती, धारेला दिलेली.

"पोरगं कुठाय? बोल!" ट्रॅक्टरवाला गज उगारून विचारत होता. धारवाल्याचा जबडा निखळला होता. त्याला बोलता येत नव्हतं, आणि तो बोलत नाही म्हणून मार वाढत होता.

बाई गर्दीत घुसल्या. "थांबा, पोलिसांना बोलवा, ते चित्र खोटं आहे—" त्यांना कुणीतरी कोपरानं ढकललं. त्या दुधाच्या कॅनवर पडल्या, कपाळ फुटलं आणि पांढऱ्या दुधात लाल धार मिसळली.

"ते मी बनवलंय!" लवंगी किंचाळत होती. "चित्र मी बनवलंय! खरं नाहीये ते!"

"चल, बाजूला हो," एक जण म्हणाला आणि त्यानं तिच्या कानशिलात लगावली. एवढ्याशा पोरीनं इतकं खरं दिसणारं चित्र बनवलंय, यावर कोण विश्वास ठेवणार? म्हाताऱ्यानं पोर पळवलं, यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला होता.

ती वर्गात परत आली. घाबरून आली असं मला वाटलं. पण तिनं मला छातीशी धरलं, चार्जरची वायर हिसडून काढली आणि थेट ओट्यावर चढली. माझी बॅटरी म्हणजे मरणपंथाला लागलेली. वायर काढली की मी जेमतेम तग धरायचो. तिनं मोबाईलवरून ट्रॅक्टरवाल्याचा फोटो काढला, मला दिला आणि तेच शब्द पुन्हा लिहिले. माणूस, सायकल, पोतं, पाय.

माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. खाली गज पडत होता. चक्र फिरत होतं. म्हाताऱ्यानं डोकं वाचवायला हात वर केला, तो हात मोडल्याचं मला ऐकू आलं. मी जन्मात कधी एवढा जोर लावला नव्हता. माझा पंखा घरघरत होता, पोट पोळत होतं. लवंगी दात-ओठ खाऊन म्हणत होती, "चल ना रे, चल ना, मरेल तो."

आणि चित्र आलं.

तिनं मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "हा बघा चोर! ट्रॅक्टरवाले काका! पोतं बघा, पाय बघा! आता ह्यांना मारा!"

पुढच्या दोघा-चौघांनी वर बघितलं. ट्रॅक्टरवाला, सायकल, पोतं, पाय. एका बाप्यानं खरोखरच ट्रॅक्टरवाल्याकडे वळून काठी उचलली. माझं त्या क्षणी माणसांवरचं उरलंसुरलं प्रेम आटलं.

"अरे, मी काय करतोय त्यात?" ट्रॅक्टरवाल्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याची बोबडी वळली. "मी तर इथं आहे!"

"तो धारवाला काकाही इथंच होता," लवंगी म्हणाली. मग तिनं मोबाईल गर्दीवर रोखला. "पुढचा नंबर कुणाचा? कुणाच्या सायकलवर पोतं ठेवू? बोला!"

तेव्हा मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसली. कुणी उपरण्यानं तोंड झाकलं, कुणी पाठ फिरवली, कुणी दुसऱ्याच्या आड दडला. आत्तापर्यंत ती गर्दी होती. मोबाईल रोखल्यावर त्यातल्या प्रत्येकाला आपापला चेहरा आठवला. माणसं मागे सरकली आणि मधोमध म्हातारा उरला.

ट्रॅक्टरवाल्याचा राग मात्र कुठेतरी निघायचा होताच. तो ओट्यावर चढला आणि माझ्यावर, म्हणजे स्वतःच्याच चित्रावर, त्यानं गज घातला. माझा पडदा फुटला. दुसऱ्या फटक्यात कळा उडाल्या. लवंगीचं बोट मध्ये सापडलं, ते चिरडलं. मी तिच्या हातातून खाली पडलो आणि दुधात, रक्तात, सुऱ्यांच्या शेजारी आडवा झालो. तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला आणि सगळी जमीन हादरली.

पोर थोड्या वेळानं सापडलं. बापाच्याच ट्रॉलीत, ताडपत्रीखाली झोपलं होतं. ते डोळे चोळत रस्त्यावर आलं आणि इतकं रक्त बघून रडायला लागलं. ट्रॅक्टरवाल्यानं गज टाकला. त्यानं पोराकडे हात केले, पण हात असे माखले होते की पोर जवळ जाईना.

दादा धापा टाकत आला तोवर म्हाताऱ्याला गाडीत घातलं होतं. पेटी उघडल्यावर त्याला सगळं कळलं होतं. त्यानं आपला मोबाईल दगडावर आपटला, पुन्हा उचलून आपटला.

"तो फोडून काय होणार, दादा?" लवंगी म्हणाली. तिच्या चिरडलेल्या बोटातून रक्त गळत होतं. "ते आता सगळ्यांच्या फोनवर आहे."

पोलीस आले आणि ट्रॅक्टरवाल्यासकट काही जणांना घेऊन गेले. वर्गाला कुलूप लागलं. गावात निम्मे लोक म्हणाले, या यंत्रानंच घात केला. उरलेले म्हणाले, पोरीला शिकवलं तिथेच चुकलं. आपण मारलं, असं कुणी म्हणालं नाही.

धारवाला वाचला. जबडा तारेनं बांधला होता, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, एक डोळा कायमचा गेला. जरा बोलता यायला लागल्यावर लवंगी त्याला भेटायला दवाखान्यात गेली. बरोबर बाई आणि दादा होते. मी बाईंच्या पिशवीत होतो, कारण दवाखान्याच्या रस्त्यावरच दुरुस्तीचं दुकान होतं. मला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"काका, ते चित्र मी बनवलं होतं," ती म्हणाली.

तो दातांच्या फटीतून म्हणाला, "मला कशापायी मारलं, ते मी अजून बघितलं नाही. दाखव."

बाईंनी आपल्या मोबाईलवर चित्र उघडून त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरलं असावं.

"ही सायकल कुणाची?" त्यानं विचारलं.

"तुमचीच ना, काका."

"माझ्या सायकलला मागं कॅरिअर कुठाय, पोरी? तिथं धारेचं चाक बसवलंय. पोतं ठेवायचं कुठं?" तो थांबला. त्याला दम लागला होता. "तुझ्या आईचा विळा मी त्याच चाकावर धरला. तू समोर उभी होतीस. गाव सगळं रोज बघतं. एकालाही दिसलं नाही?"

लवंगी हुंदके देत होती. दादा भिंतीशी जाऊन उभा राहिला असावा, त्याचा आवाज तिकडून आला, पण शब्द कळले नाहीत. म्हाताऱ्यानं दोघांनाही माफ केलं नाही. "जा आता," एवढंच म्हणाला.

बाईंनी भांडून वर्गाचं कुलूप काढून घेतलं. मला कुणाच्या तरी टीव्हीचा पडदा जोडलाय. अर्ध्या कळा नाहीत आणि अधूनमधून मी बोलता बोलता बंद पडतो. लवंगी वाकड्या बोटानं टाइप करते आणि नव्या पोरांना शिकवते. पहिल्या दिवशी ती त्यांना माझ्यासमोर बसू देत नाही, गावात हिंडवून आणते.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. मला शिव्या द्या, आपटा, माझी तक्रार नाही. मी कधी स्वतः रस्त्यावर हिंडलेलो नाही, कुणाची सायकल कशी आहे ते मला माहीत नाही. तुम्ही मागाल ते मी पुढ्यात ठेवीन. पण हात उगारायच्या आधी एकदा बाहेर जाऊन त्या माणसाची सायकल बघून या.